चौदा हिवाळे टिकलेलं अस्तर

दुकानात त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला अस्तर म्हणत. 'अस्तर, चहा गार होतोय', 'अस्तर, हा निळा कोट आधी घे.' सुरुवातीची दोनेक वर्षं त्याला राग यायचा. मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर अशी की कोणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली तर हा मागे वळून बघायचा, कोणाला बोलावतायत म्हणून.

काम एकच, कोटाला आतून कापड लावायचं. वरचं कापड बेतायचं कटिंग मास्टरने, टीप मारायची मशीनवाल्यांनी, बाही बसवायची पुन्हा मास्टरनेच, आणि मग तो अर्धामुर्धा कोट खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेल्या ह्या माणसाच्या मांडीवर यायचा. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की खांद्याचं कौतुक, कॉलरचं कौतुक, मास्टर गालातल्या गालात हसतोय. आत कोण बघतंय? आणि बघूच नये, अशीच त्या कामाची रीत. आतलं काम नजरेत आलं म्हणजे ते बिघडलं. अस्तर जरा कमी पडलं की कोट पाठीत ओढतो, आणि मग वर कितीही भारी कापड असलं तरी माणूस उसना कोट घातल्यासारखा दिसतो.

म्हणून पाठीत मधोमध बोटभर चुणी जास्त ठेवायची. म्हणजे अस्तर वरच्या कापडापेक्षा मोठं असतं! बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तसंच असतं. माणूस हात पुढे करतो, वाकतो, पोर उचलतो, भांडतो. आतल्या कापडाला तेवढं सैल पाहिजे, नाहीतर ते फाटणारच. ही चुणी ह्या माणसाने बत्तीस वर्षं, न चुकता, परक्या माणसांच्या पाठीत ठेवली. घरात मात्र सूतभर सैल सोडायचं नाव नाही. शब्द म्हणजे शब्द. बोलायचा कमी, पण बोलला की दगडावरची रेघ.

घरात बायको आणि एक मुलगी. दोन खोल्या, तिसरा मजला, पुढच्या खोलीत एक टेबल. त्या टेबलावर जेवण, त्यावरच मुलीचा अभ्यास, आणि दुकानातलं काम साठलं की त्यावरच अस्तरं. मुलगी चुणचुणीत. सातवीत असताना एक दिवस दुकानाच्या पाटीवरचा इंग्रजी शब्द तिने वाचला, लायनिंग, आणि शाळेतून जाडजूड शब्दकोश घेऊन आली. बाबा, तुमच्या कामाचे किती अर्थ आहेत बघा, म्हणाली आणि टेबलावर कोपर टेकून वाचायला लागली. कोटाचं आतलं कापड. पोटाच्या आतली कातडी. भट्टीच्या आतल्या विटा. गाडीच्या ब्रेकला आतून लावतात ती पट्टी. आणि शेवटी, ढगाची कड.

"ढगाची?" त्याने सुईवरून नजर काढली. "ढगाला कोण शिवतंय?"

ती म्हणाली, इंग्रजीत म्हणतात तसं. प्रत्येक काळ्या ढगाला चांदीचं अस्तर असतं, म्हणजे कितीही वाईट झालं तरी आत काहीतरी चांगलं असतंच. त्याने दोरा दाताने तोडला आणि म्हणाला, आतून लावलं तर ते दिसणार कोणाला? बायको आतल्या खोलीतून हसली. मुलगीही हसली. तो नाही हसला, कारण त्याने विनोद केलाच नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

त्यानंतर ती टेबलाशी बसून त्याचं काम बघायची. सुई धरायला शिकली, धावदोरा शिकली, मग दुहेरी टाका. धावदोरा म्हणजे कच्चा टाका, माप जुळेपर्यंत धरून ठेवायला. एका ओढीत निघतो. दुहेरी टाका म्हणजे प्रत्येक टाका मागे वळून स्वतःलाच गाठ मारतो. तिचे टाके त्याच्याइतके बारीक कधी झाले नाहीत, पण बोट फिरवून कच्चा कुठला आणि पक्का कुठला हे तिला न बघता कळायचं. ह्याचा त्याला अभिमान होता. तिला त्याने तो कधी सांगितला नाही, हे वेगळं सांगायला नको.

मुलगी बावीसची झाली आणि एका गॅरेजवाल्याच्या प्रेमात पडली. गाड्यांच्या ब्रेकला लायनर बसवायचं काम. मास्टरला कळलं तेव्हा तो म्हणाला, घ्या, अस्तराला जावईही अस्तरवालाच मिळाला. सगळं दुकान हसलं. ह्याला हसू येईना, कारण आठ दिवसांपूर्वी त्याने त्या पोराला बस थांब्यावर पाहिलं होतं. पोरीला काहीतरी बोलायचं होतं, ती थांबली होती. त्या पोराने तिचं मनगट धरलं आणि खेचलं. फार काही नाही. बघणाऱ्याला वाटलं असतं, घाई असेल. पण ज्याचा जन्म कापड कुठे ओढलं जातंय ते बघण्यात गेला, त्याला ते दिसलं.

आता हे घरी येऊन सांगावं की नाही? पोरी, मी असं असं पाहिलं, मला भीती वाटते, एवढंच म्हणायचं होतं. तोंड दिलंय कशाला माणसाला? पण नाही. तो घरी आला, गप्प बसला, आठ दिवस गप्प बसला, आणि मुलगी कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा जिना ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "गेलीस तर परत यायचं नाही. हे दार तुला बंद."

मुलीने बापाकडे बघितलं. त्याचा शब्द कसा असतो हे तिला माहीत होतं. ती जिना उतरून गेली.

तिसऱ्या दिवशीच त्याला पश्चात्ताप झाला. तिसऱ्याही नाही, खरं तर जिन्यावरची तिची पावलं ऐकू यायची थांबली तेव्हाच झाला. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिच्यामागे जिना उतरावा तर शेजाऱ्यांनी ऐकलेलं. फोन करावा तर काय बोलायचं, सुरुवात कुठून करायची. बायको डोळे पुसत भाकरी थापत होती, तिच्याशीही बोलवेना. तेव्हा त्याने त्याला येत होतं ते केलं. एक कोट शिवला.

मास्टरकडून बेतून घेतला, मुलीचं माप सांगून; मास्टरने एक शब्द विचारला नाही, एवढं त्याचं मोठेपण. राखाडी लोकरीचं कापड. बाकी सगळं ह्याने घरी टेबलावर बसून हाताने केलं. आणि अस्तर लावायच्या आधी त्याने एक पट्टी घेतली. त्यांच्या दुकानात प्रत्येक कोटाच्या आत, अस्तराखाली, पांढऱ्या सुती कापडाची एक चिंचोळी पट्टी शिवतात. तिच्यावर धुण्यात न जाणाऱ्या शाईने गिऱ्हाईकाचा नंबर लिहिलेला असतो, कोट दुरुस्तीला आला की कोणाचा ते कळावं म्हणून. तशा पट्टीवर ह्याने नंबराच्या जागी लिहिलं: घरी ये. मी काही विचारणार नाही. बाबा.

ती पट्टी त्याने उजव्या काखेत ठेवली. आता काखच का? तर अस्तराची पहिली फाटते ती काख. उजव्या हाताचा माणूस असेल तर उजवी. घाम, घासणं, हात वर-खाली. तोवरच्या वर्षांत जेवढे कोट दुरुस्तीला आले त्यांची त्याने आधी काख उचलून बघितली, आणि पाच हिवाळ्यांच्या पुढे गेलेली एक काख त्याला आठवत नव्हती. त्याने मनाशी हिशेब केला, पोरीला दोन-तीन वर्षं बरी जातील. नवी नवलाई असते. मग तो मनगट खेचणारा माणूस आपलं खरं रूप दाखवेल. तोवर काख उसवेल. ती स्वतःच शिवायला घेईल, आत पांढरं दिसेल, वाचेल. तोंडाने बोललेला शब्द मोडायची पाळी आपल्यावर येणार नाही, आणि पोरीला रस्ता मोकळा. असा त्याचा बेत. काय म्हणावं ह्याला? एवढा घाट घालण्यापेक्षा एक फोन सोपा नव्हता का?

आणि मग त्याने ती चूक केली. तिला चूक म्हणायलाही दुकानातलं कोणी तयार झालं नसतं. काखेपाशी आल्यावर दोन कच्चे टाके टाकायचे आणि पुढे जायचं, एवढंच करायला हवं होतं. त्याने तसं ठरवलंही होतं. पण समोर मुलीचा कोट. हाताला वाईट काम माहीतच नाही. त्याने दुहेरी टाका घातला, रेशमी दोऱ्याने, तांदळाच्या दाण्याएवढा एकेक. शिवाय काखेत एक जादा जाड तुकडा लावला, घाम वर येऊ नये म्हणून, जो ते फक्त खास गिऱ्हाइकांना लावत. पाठीत बोटभर चुणी ठेवली. शिवून झाल्यावर कोट उलटा करून उजेडात धरला आणि बराच वेळ बघत बसला. असं अस्तर त्याने आजवर कोणाला लावलं नव्हतं.

महिन्याभराने बायको मुलीकडे जाऊन आली. सहा तासांचा बसचा प्रवास. कोट त्याने तिच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, थंडीचं असू दे.

पहिली तीन वर्षं त्याला काही वाटलं नाही. चौथ्या वर्षापासून तो थंडी सरताना दाराकडे कान ठेवायला लागला. जिन्यावर बाईमाणसाचं पाऊल वाजलं की सुई थांबायची. मुलगी आईला फोन करायची, तो दुकानात असताना, दुपारी. आई सांगायची तेवढं त्याला कळायचं: मूल नाही, एक राहिलं होतं ते गेलं. नवरा पितो. दात पडला म्हणते, पण पडून पडतो का दात असा? बायकोने कितीदा तरी विचारलं, अहो, बोलावू का तिला? तो मान खाली घालून म्हणायचा, तिला सांगायचं ते मी सांगून ठेवलंय. बायकोला वाटायचं, दारातलंच बोलणं हा अजून धरून बसलाय. ती आत जायची आणि भांडी जोरात आपटायची.

सहावं वर्ष गेलं, सातवं गेलं. आता त्याच्या मनाने उलटी वाट धरली. सात हिवाळे म्हणजे काख गेलीच असणार. तिने वाचलंच असणार. आणि वाचूनही आली नाही. म्हणजे तिने मला माफ केलं नाही, किंवा तिला तिथेच बरं वाटतंय, किंवा बाप नकोच आहे तिला. एकदा त्याने बायकोकडून आडून विचारून घेतलं, तो कोट आहे का ग तिच्याकडे अजून? बायकोने फोनवर विचारलं. मुलगी म्हणाली, आहे की, रोज घालते. बस्स. त्या दिवसापासून तो जिन्याकडे कान द्यायचा बंद झाला. रोज घालते, म्हणजे रोज पट्टी अंगावर घेऊन फिरते आणि तरी येत नाही! ह्या पोरीला पीळ आपल्यापेक्षा जास्त, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली आणि हाच मुलीवर रुसून बसला. पुढची सात वर्षं तो रुसलेला होता, जिला ह्यातलं काही माहीतच नव्हतं तिच्यावर.

मधल्या काळात दुकानातही अस्तराचे दिवस संपत आले. कोट बाहेरून शिवूनच यायला लागले, आतलं कापड गरम करून चिकटवलेलं. टाका नाही, चुणी नाही. मास्टर एक दिवस खडू ठेवून घरी गेला तो आलाच नाही. ह्याला कोणी जा म्हटलं नाही. खिडकीजवळचं स्टूल राहिलं, त्याच्यावर हा राहिला, आणि दिवसाकाठी एखादं बटण लावून घरी यायला लागला.

मग बायकोच्या पोटात दुखायला लागलं. सगळं अंगावर काढायची सवय. डॉक्टरने नळी घालून बघितलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं, इथलं अस्तर गेलंय, पोटाचं. त्याने डॉक्टरला विचारलं, ते पुन्हा लावता येतं का? डॉक्टरला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण तो अगदी मनापासून विचारत होता. नाही म्हणाले डॉक्टर, फार उशीर झालाय. बायको पाच आठवड्यांत गेली. जायच्या दोन दिवस आधी म्हणाली, पोरीला बोलवा हो. त्याने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे तिला कळलं नाही, आणि त्यालाही कळलं नसावं. फोन शेवटी शेजारणीने केला. मुलगी आली तेव्हा सगळं उरकून दुसरा दिवस उजाडला होता.

दार उघडंच होतं. ती आत आली, आईच्या रिकाम्या पलंगाकडे बघून तोंडावर हात ठेवून उभी राहिली, आणि मग पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर बसली, खुर्चीच्या कडेवर, बसायला कोणी सांगितलं नसताना बसलेल्या माणसासारखी. छत्तीस वर्षांची बाई, पन्नाशीची दिसत होती. एका डोळ्याखाली जुना वण. अंगात तो राखाडी कोट. पाचच्या गाडीने परत जायचंय, तिने आल्या आल्या सांगितलं. बाप हो म्हणाला.

तिने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि चहा करायला आत गेली. आईचे डबे कुठे आहेत हे तिला अजून ठाऊक होतं. इकडे हा कोटाकडे बघत बसला. कोपरांना कापड झिजून पातळ झालेलं. कॉलरला रफू. दोन बटणं वेगळ्या रंगाची. सवयीने त्याचा हात पुढे गेला, त्याने बाही उचलली आणि काख उलटी करून बघितली.

एक टाका हलला नव्हता.

त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. त्याचाच दोरा, त्याचेच टाके, तांदळाच्या दाण्याएवढे, जसेच्या तसे. चौदा हिवाळे. वरचं कापड मरायला टेकलं होतं आणि अस्तर नव्यासारखं होतं. म्हणजे कोणी उघडलंच नव्हतं. म्हणजे तिने वाचलंच नव्हतं. तो सात वर्षं जिच्यावर रुसून बसला होता ती बिचारी ती सात वर्षं आणि त्याच्या आधीचीही सात वर्षं बंद दाराच्या बाहेर उभी होती, आणि दार त्याने आपल्या हाताने, रेशमी दोऱ्याने शिवून टाकलं होतं.

त्याने टेबलाच्या खणातून ब्लेड काढलं. चहाचे कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा तो काखेतले टाके उसवत होता, आणि ते उसवत नव्हते. एकेक टाका तोडावा लागत होता.

फाटलंय का, तिने विचारलं. तो नाही म्हणाला. मग उसवताय कशाला? तो पुढचा टाका तोडत राहिला. शेवटी अस्तराला बोटभर तोंड पडलं. त्याने दोन बोटं आत घातली आणि पट्टी ओढून काढली. जरा पिवळी पडली होती, पण शाई तशीच काळी. त्याने ती मुलीसमोर टेबलावर ठेवली.

तिने वाचली. पुन्हा वाचली. चहावर साय धरली तरी ती बघतच होती.

"कधी लिहिलीत ही?"

"तू गेलीस त्याच महिन्यात."

मग ती सांगायला लागली, आवाज न चढवता, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. पाचव्या वर्षी तिने पिशवी भरली होती. नवरा झोपला होता. तोंडातून रक्त येत होतं म्हणून तिने कोटाची कॉलर वर केली आणि बस स्थानकावर जाऊन बसली. इकडची गाडी लागलेली होती. तिच्या डोळ्यासमोर दोनदा भरली, दोनदा सुटली. ती बाकावरच बसून राहिली, कारण जायचं कुठे? दार बंद होतं. तिकीट खिडकीतल्या बाईने विचारलं, कुठे जायचंय, तर तिला सांगता येईना. थंडी फार होती, म्हणून दोन्ही हात काखेत घालून बसले होते, ती म्हणाली. इथे. आणि तिने उसवलेल्या जागेवर बोट ठेवलं.

म्हातारा ते बोट बघत राहिला.

"हे तोंडाने सांगायला काय झालं होतं, बाबा?"

माणसं म्हणतात बैल गेला आणि झोपा केला. ह्याने तर झोपा आधी बांधला होता, आणि बैलाला दिसणार नाही असा बांधला होता. मग जे चौदा वर्षं काखेत शिवलेलं होतं ते अखेर तोंडाने बाहेर पडलं.

"आता ये. राहा इथेच. जाऊ नकोस."

ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच वाईट होतं. राग असता तर काहीतरी उरलं असतं. तिने सांगितलं की नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली. ज्या हाताने मारायचा तोच हात गेला, ती म्हणाली, आणि किंचित हसलीसुद्धा. आता त्याला भरवायला लागतं, कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आज तिकडे शेजारच्या बाईला रात्रीपर्यंतचं सांगून आलेय, तीसुद्धा कुरकुरत होती. म्हातारा म्हणाला, त्याचं त्याला बघू दे. त्याचं काय देणं लागतेस तू?

"काही नाही," ती म्हणाली. "पण तो ओरडतो हो. मी खोलीबाहेर गेले तरी ओरडतो. दुसरं कोणी नाही त्याला. तेव्हा बोलावलं असतंत तर धावत आले असते. आता नाही जमायचं मला."

साडेतीन वाजले होते. ती म्हणाली, एवढं शिवून द्या, बाहेर गार आहे.

त्याने सुईत दोरा ओवला. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा गेला. पट्टी टेबलावर पडली होती. ती आत ठेवू का, त्याने विचारलं. आता कशाला, ती म्हणाली, वाचून झाली. तिने कप उचलले आणि विसळायला आत गेली.

तो शिवायला बसला आणि त्याच्या मनात आलं ते आयुष्यात पहिल्यांदा आलं. त्याने धावदोरा घातला. लांब लांब, सैल, गाठ न मारलेले कच्चे टाके. महिना टिकले तर पुष्कळ. काख उसवेल, तिला थंडी वाजेल, आणि कोट घेऊन ती येईल. निदान दुरुस्तीला म्हणून येईल. हात अडत होता. हाताला दुहेरी वळायचं होतं, आणि तो त्याला दरवेळी धरून सरळ नेत होता. पाच-सात टाक्यांचं काम, पण त्याला घाम फुटला.

ती हात पुसत बाहेर आली. कोट चढवला, बटणं लावली. मग सवयीने हात आत घालून तिने काखेवरून बोट फिरवलं. बोट अर्ध्यावर थांबलं. तिने बापाकडे बघितलं. तो चष्मा पुसत होता, खाली मान घालून.

तिला कळलं. काय शिवलंय ते कळलं आणि कशासाठी तेही कळलं. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने टेबलावरची सुई उचलली, रिळाचा दोरा हातभर ओढून तोडला आणि सुईत ओवला, पहिल्याच खेपेला. सुई कोटाच्या कॉलरला आतून खोचून ठेवली.

"कच्चे आहेत, बाबा," ती म्हणाली. "गाडीत बसले की पक्कं करून घेते."

आणि ती जिना उतरून गेली. तो ऐकत राहिला.